अडीच किलोचा सल्ला

"तुमच्या धंद्यातल्या गमती लिहून द्या," असं या अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या. लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाकडे लोक दोनच गोष्टी मागतात, चिक्की आणि गमती. चिक्की मी विकत नाही. बाजारपेठेत गेली एकतीस वर्षं माझं कॅमेऱ्याचं दुकान आहे आणि त्यात मी आता मुख्यतः ट्रायपॉड विकतो, म्हणजे कॅमेरा ठेवायचे तीन पायांचे स्टँड. कॅमेरे लोक ऑनलाइन घेतात, फोटो मोबाईलवर काढतात, पण ट्रायपॉड मात्र हातात धरून, त्याचे पाय ओढून बघितल्याशिवाय त्यांना घेववत नाही. त्यावर आमचं घर चालतं.

ट्रायपॉड कशाला लागतो ते आधी सांगून टाकतो, कारण माझ्या सख्ख्या मेव्हण्याला अजून ते कळलेलं नाही. उजेड कमी असला की कॅमेऱ्याला डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात आपला हात हलतो. आपल्याला वाटतं हलत नाही, हलतो. मग फोटोत नवरदेवाला दोन नाकं येतात आणि दोष फोटोग्राफरच्या घराण्याला लागतो. कॅमेरा स्टँडवर ठेवला की हे टळतं. दुसरा उपयोग असा, की फोटो काढणाऱ्यालाही कधीतरी फोटोत यायचं असतं. टायमर लावायचा, पळत जायचं आणि आपण तिथं तासभर उभेच होतो असा चेहरा करायचा.

आता, "डोंगरातही नेता येईल आणि रोजच्यालाही चालेल असा एकच द्या," म्हणणारं गिऱ्हाईक आठवड्याला पाच-सहा तरी येतं. हलका पाहिजे, पण दणकट. उंच पाहिजे, पण सॅकमध्ये मावणारा. शिवाय स्वस्तात बसवा. "असा जावई मिळाला का तुम्हाला?" असं मी एकदा एका गृहस्थांना विचारलं, तर ते काही न घेता निघून गेले. खरी गोष्ट सोपी आहे. हलका घेतला तर वाऱ्यात थरथरतो, जड घेतला तर घरी राहतो. पाच तुकड्यांचे पाय घडी करून एवढेसे होतात, पण शेवटचा तुकडा उदबत्तीइतका बारीक असतो. तीन तुकड्यांचे पाय भक्कम, पण सॅकच्या वर हातभर बाहेर येतात आणि एसटीत मागच्या माणसाच्या डोळ्यात जातात. मधली दांडी वर खेचून उंची वाढवता येते, पण ती खेचली की तीन पाय असून नसल्यासारखे. कार्बनचा हलकाही असतो आणि थंडीत हाताला गार लागत नाही, मात्र त्याचा भाव ऐकून माणूस गार पडतो. यातलं काहीही न विचारता लोक विचारतात, "काळ्या रंगात आहे का?"

म्हणून मी माझी एक पद्धत काढली होती. आमच्या इमारतीला चार मजले आहेत आणि लिफ्ट नाही. गिऱ्हाइकानं ट्रायपॉड पाठीला लावून गच्चीवर जायचं, तिथं तो उभा करायचा, वलवणच्या बाजूला एक पाण्याची टाकी दिसते तिच्यावर कॅमेरा रोखायचा आणि संध्याकाळच्या उजेडात एक सेकंदाचा फोटो काढून खाली यायचं. तो मी दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर उघडायचो. टाकीवर रंगवलेली अक्षरं दुहेरी दिसली की ट्रायपॉड नापास, त्याच्या वरचा घ्यायचा. आमच्या गच्चीवर वारा असा, की तिथून उडालेल्या साड्या शेजारच्या सोसायटीनं परत आणून द्यायचं सोडून दिलंय. साड्या मालतीच्या. मालती म्हणजे माझी बायको. दुकानातलं पासपोर्ट फोटोंचं आणि फ्रेमांचं काम तिच्याकडे. "तुम्ही ट्रायपॉड विकता का पोलीसभरती घेता?" असं ती चारचौघांत विचारायची, आणि मला त्याचा अभिमानच वाटायचा.

पुण्याहून एक आयटीतले साहेब आले होते. त्यांनी खिशातून काटा काढला, विमानाला जाताना बॅग लटकवून मोजतात तो. माझे नऊ ट्रायपॉड एकेक करून लटकवले. नऊशे ऐंशी ग्रॅमचा घ्यावा का अकराशे साठचा, यात त्यांचा तासभर गेला. "काका, तुंगचा किल्ला चढताना एकशे ऐंशी ग्रॅम म्हणजे खूप असतं," ते म्हणाले. मी म्हटलं, असतंच. त्यांची सॅक वाटेत होती म्हणून मी बाजूला करायला गेलो, तर ती जागची हलेना. आत ड्रोन, ड्रोनच्या चार बॅटऱ्या, घडीची खुर्ची, कॉफी दळायचं हातयंत्र आणि ती गाळायचं काचेचं भांडं. पट्ट्याच्या वर जे होतं ते मी यात धरत नाही, माझंही आहे. गच्चीची परीक्षा द्यायला साहेब निघाले, दुसऱ्या मजल्यावर एका काकूंकडं पाणी प्यायले आणि तिथूनच खाली येऊन म्हणाले, "नऊशे ऐंशीचाच द्या."

पुढच्या महिन्यात तुंगच्या माथ्यावरून त्यांचा फोन. "काका, कॅमेरा याच्यावर बसतच नाहीये." कॅमेऱ्याच्या बुडाला एक चपटी प्लेट स्क्रूनं लावावी लागते, मग तो स्टँडवर खटकन बसतो. मी विचारलं, प्लेट कुठाय? सॅक उपसल्याचा आणि काचेचं भांडं खणखणल्याचा आवाज आला. प्लेट घरी, दुसऱ्या कॅमेऱ्याच्या बुडाला. मी म्हटलं, खुर्ची नेलीय ना, मग तिच्यावर बसा, कॉफी करा आणि सूर्यास्त डोळ्यांनी बघा. त्यांनी ऑनलाइन माझ्या दुकानाला एक तारा दिला.

अशी माणसं बघून बघून माझं डोकं फिरलं होतं. हलका मागणारा तो हौशा-गवशा, जड नेणारा तो खरा, अशी मी जगाची वाटणीच करून टाकली होती. काउंटरच्या मागं पाटी लावली होती, ‘हलक्याची चौकशी करू नये’. लोक तिचे फोटो काढून न्यायचे. मोबाईलवर, अर्थात.

ती पाटी असतानाच वैशाली आली. बेडशाची मुलगी, तिशी-बत्तिशीची, सोमाटण्याजवळ एका कंपनीत स्टोअरला कामाला. दोन वर्षांपूर्वी तिनं आमच्याकडूनच जुना कॅमेरा नेला होता. तेव्हापासून घरातली बारशी, साखरपुडे, वाडीतली जयंती, सगळ्याचे फोटो तीच काढायची. प्रिंट काढायला आमच्याकडं यायची. माझ्यासारख्या खडूस माणसाला आवडावं असं तिचं काम होतं. एकाही फोटोत कुणाचं डोकं कापलेलं नसायचं.

"भाऊ, हलका स्टँड दावा एखादा," ती म्हणाली. पाटी तिच्या समोरच होती.

"कशासाठी?"

तिनं सांगितलं ते असं. तिचे वडील, त्यांना घरात सगळे आबा म्हणत, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. छप्पन साली घरानं धम्म घेतला तेव्हा ते शाळकरी होते. तेव्हापासून दर बुद्धपौर्णिमेला ते गावाच्या डोक्यावरचं बेडशाचं लेणं चढून जात, आत चैत्यात स्तूपापुढं वंदना म्हणत, आणि सगळं घर त्यांच्यामागं. पायऱ्या चारशेच्या आसपास. आता आबांच्या छातीनं दगा दिला होता. डॉक्टर म्हणाले होते, हा हिवाळा काढतील, पुढचं मी सांगत नाही. पुढच्या पौर्णिमेची वाट बघण्यात अर्थ नव्हता. आबांनी एकच धरलं होतं, मला एकदा वर न्या.

"आन् माझं बी एकच हाय," वैशाली म्हणाली. "आबांबरोबर माझा फोटोच न्हाई, भाऊ. ल्हानपणी आमच्याकडं कॅमेरा नव्हता आन् आला तवापासनं मीच काढतीय. स्तूपापुढं सगळ्या घराचा एक पाहिजे. त्यात मी पाहिजे."

"वर कुणाला तरी काढायला सांगायचा."

"सांगितलावता दोन वर्षं. एकदा आबांचं डोकं न्हाई, एकदा नुसता अंधार."

संरक्षित लेण्यात स्टँड लावायला परवानगी लागते. मोठे मोठे फोटोग्राफर राखणदाराची पाठ फिरायची वाट बघतात. हिनं रीतसर अर्ज करून कागद आणला होता, जानेवारीतल्या एका रविवारचा. सकाळी ऊन सरळ आत शिरतं, तेवढी वेळ साधायची होती. एक दिवस, एक चढाई, एक फोटो. दुसरा कुणी दुकानदार असता तर त्यानं गपचूप हलका स्टँड काढून दिला असता. मी प्रवचन सुरू केलं.

"हे बघ, आत अंधार. संधी एकच. हलका नेशील, फोटो हलला, मग काय करशील? आबांना परत चढवशील?"

"पर भाऊ, आबांना धरून न्यायचं हाय. एका बाजूनं दादा, एका बाजूनं मी. वयनीच्या कडंवर बाळ, आईचं गुडघं धरल्यालं. पाणी, औषधं, आबांचा पंप, सगळं माझ्याच पाठीवर."

मी तिला गच्चीवर पाठवलं. आधी अकराशे ग्रॅमचा घेऊन, मग अडीच किलोचा घेऊन. दोन्ही वेळा ती धापा न टाकता खाली आली. स्क्रीनवर पहिल्या फोटोतली टाकीवरची अक्षरं दुहेरी होती, दुसऱ्यातली छापल्यासारखी स्वच्छ. मी हाताची घडी घालून उभा राहिलो. असा उभा राहिलो की मी स्वतःलाच फार आवडतो.

मालती कोपऱ्यात फ्रेमला खिळे ठोकत होती. ती म्हणाली, "अहो, ती एकटी चढली. हाताला म्हातारं माणूस नव्हतं तिच्या. हलका द्या तिला."

"तुला फोटोतलं काय कळतं?"

"फोटोतलं नाही हो. चढण्यातलं सांगतेय."

गिऱ्हाइकासमोर बायकोनं शिकवलेलं मला कधीच सोसलेलं नाही. मी पाटीकडं बोट दाखवलं. वैशालीनं स्क्रीनवरचे दोन्ही फोटो पुन्हा पाहिले. "हलला तर लय वाईट वाटंल," असं स्वतःशीच म्हणाली आणि अडीच किलोचा घेऊन गेली.

त्यानंतर ती बरेच महिने आली नाही. तोवर मी तिचं काय केलं ते सांगतो. कुणी हलका ट्रायपॉड मागितला की मी म्हणायचो, "अहो, बेडशाची एक मुलगी म्हाताऱ्या बापाला हाताला धरून, पाठीवर अडीच किलोचा स्टँड घेऊन चारशे पायऱ्या चढली. आणि तुम्ही गाडीतून टायगर पॉइंटला जाणार, तुम्हाला किलोभराचा जड होतो?" माणसं ओशाळून जड ट्रायपॉड घ्यायची. या गोष्टीवर मी निदान दहा तरी विकले. ती खरंच चढली का, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. मला ते माहीतच होतं.

श्रावणात एका दुपारी ती आली. ट्रायपॉड काउंटरवर ठेवला. पिशवीसुद्धा नवीकोरी होती. मी मोठ्या उत्साहानं विचारलं, "काय, कसा वाटला स्टँड?"

"लय भारी, भाऊ. तसूभर हलला न्हाई," ती म्हणाली. "सरबतवाल्या मावशीच्या टपरीत हुबा होता दिवसभर."

मालतीचा हातोडा थांबला. तिनं स्टूल पुढं सरकवलं आणि वैशालीला बसायला सांगितलं. आबा आषाढात गेले होते. ते सांगून झाल्यावर मग तिनं त्या रविवारचं सांगितलं, राग न धरता, एखाद्याला वाट सांगावी तसं.

शंभरेक पायऱ्या आबा चालले. मग बसले. पुढं दादानं त्यांना पाठीवर घेतलं आणि मागून वैशाली त्यांना दोन्ही हातांनी धरून चढायला लागली, कारण आबांची पकड सुटत होती. ट्रायपॉड सॅकच्या बाहेर हातभर आलेला. ती वाकली की तो पुढं झुकून आबांच्या पाठीला लागायचा. दोनदा लागला. तिसऱ्यांदा आबा म्हणाले, "काय टोचतंय गं?" दीडशेव्या पायरीच्या आसपास लिंबूसरबताची टपरी होती. काहीतरी खाली ठेवणं भाग होतं. पाणी ठेवता येत नव्हतं, पंप ठेवता येत नव्हता.

"अकराशेवाला असता तर सॅकच्या आत गेला असता," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली.

वर पोचल्यावर आबांनी वंदना म्हटली. थांबत थांबत, पण पूर्ण म्हटली. दुसरं कुणी वर आलं नव्हतं, राखणदारही कागद बघून खाली गेला होता. ऊन आत आलं. दादा म्हणाला, पळत जाऊन स्टँड आणतो. आबांनी मनगट धरून त्याला बसवलं, त्यांना दम राहिला नव्हता. तिनं कॅमेरा खाली फरशीवर ठेवून टायमर लावून बघितला, तर सगळ्यांचे पायच आले. दगडावर ठेवला तर घसरला. ऊन स्तूपावरून सरकायला लागलं होतं. शेवटी तिनं कॅमेरा हातात घेतला, दगडी खांबाला पाठ लावली, श्वास धरला आणि फोटो काढला.

"आत वारं बी नव्हतं, भाऊ," ती म्हणाली. "हितं तुमच्या गच्चीवर काय वारं हुतं. तितं सदऱ्याचं टोक हलत नव्हतं."

एकतीस वर्षं हा धंदा केलेल्या माणसाला हे एका गिऱ्हाइकानं सांगावं लागलं. डोंगराच्या पोटात खोदलेल्या लेण्यात वारा नसतो. तिचा कॅमेरा अर्ध्या किलोचा. माझ्याकडचा सगळ्यात किरकोळ स्टँडही तिथं गुमान उभा राहिला असता. मी तिला विचारलंच नव्हतं की वारा असेल का, बरोबर कोण आहे, हात मोकळे असतील का. तिनं आपण होऊन सांगितलं, ते मी ऐकलं नाही. माझी परीक्षा गच्चीवर होती म्हणून तिचा लेण्यातला फोटोही मी मनातल्या मनात गच्चीवरच काढला. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलेलं लपवायला मी माझं नेहमीचं काम सुरू केलं.

तिनं पेनड्राइव्ह दिला. "मोठा करून फ्रेम करायचीय. आबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लावायचीय."

मी फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडला. मागं स्तूप, त्यावर तिरपं ऊन. पुढं आबा बसलेले, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला दादा, मागं वहिनी आणि तिच्या कडेवर बाळ. कुणाचं डोकं कापलेलं नव्हतं. फोटो म्हणून सांगतो, इतका चांगला फोटो आमच्या दुकानातून त्या वर्षी गेला नव्हता. मी सवयीनं कोपरा-कोपरा मोठा करून बघायला लागलो. आईच्या कपाळावरची रेघ न् रेघ स्पष्ट होती. बाळाच्या पापण्या मोजून घ्याव्यात. हातात धरून काढलाय असं सांगून खरं वाटलं नसतं.

"कमाल आहे," मी म्हणालो. "हा एवढा हात सोडला तर कुठं काही हललेलं नाही."

आबांचा उजवा हात पुढं आला होता, कॅमेऱ्याच्या दिशेनं, आणि बोटांच्या जागी नुसता पुसट पट्टा होता.

"तू त्यांना सांगायचं ना, स्थिर बसा म्हणून," मी म्हणालो.

"सांगितलं की. न्हाई ऐकलं."

"काळजी नको करू. कॉम्प्युटरवर नीट करून देतो. दुसऱ्या फोटोतला हात घेतो आणि मांडीवर ठेवतो, कळणारसुद्धा नाही."

"नको, भाऊ," वैशाली म्हणाली. "मला बलवत हुते ते. ‘तू बी ये, तू बी ये,’ चाललंवतं त्यांचं."

मालती उठून आली आणि तिनं माझ्या हातातला माऊस काढून घेतला.